अ बाजू, बावीस मिनिटं

“बसा, ऐका, डोळे मिटा, पेंगा, घोरा. माझी काही हरकत नाही,” पोतदारकाका म्हणाले. “पण कॅसेट उंबऱ्याबाहेर जाणार नाही.”

मी उंबऱ्याबाहेरच उभी होते. कडेवर अकरा महिन्यांची जुई. रडून रडून डोळे लाल झालेले, तिचेही आणि माझेही.

“काका, एकच दिवस. संध्याकाळी मी स्वतः आणून देते.”

“एकच दिवस म्हणून नेलेली माझी बासरीची कॅसेट गेली सव्वीस वर्षं मिरजेत आहे.”

“मग इथंच बसून मोबाईलवर उतरवून घेते.”

“नक्कल?” काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “सूनबाई, ज्याला गाणं हवं त्यानं ते विकत घ्यावं, कपाटात ठेवावं, पुसावं, जपावं. तुम्ही काय केलंत? भाड्याच्या घरात राहिलात. मालकानं एके दिवशी न्हाणीघराला कुलूप लावलं, की आलात शेजारी, आंघोळ करू का विचारत.”

असं म्हणून त्यांनी दार लावलं. हळूच लावलं, आत टेपरेकॉर्डर चालू होता ना.

याला आता सहा वर्षं झाली. तेव्हा आम्ही सांगलीतल्या या गल्लीत नवीन होतो आणि माझा सगळा जीव एका अ‍ॅपमध्ये अडकलेला होता. कुणा व्यंकटराव हिप्परगी नावाच्या वादकाचं जलतरंग त्यात होतं. चिनी मातीच्या पाणी भरलेल्या वाट्यांवर काड्यांनी वाजवायचं ते वाद्य. जुई तीन महिन्यांची असताना माझ्याकडून ते चुकून लागलं, आणि दुसऱ्या मिनिटाला तिनं जांभई दिली. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई, निरीक्षण वाया जाऊ देत नाही. वहीत लिहायला लागले. तिसऱ्या मिनिटाला पापण्या जड, सहाव्याला मूठ सैल, नवव्याला गाढ. रोज दुपारी एक वाजता, आठ महिने.

ती झोपली की मी आणखी एक गोष्ट करायचे, ती कुणालाच ठाऊक नव्हती. सासूबाईंचा कुंकवाचा पितळी कडेचा छोटा आरसा होता, तो घेऊन मी जुईच्या नाकाशी धरायचे. काचेवर वाफ धरली की जिवात जीव यायचा. अर्ध्या तासानं पुन्हा. मग आरसा पदराला पुसून होता तिथं ठेवायचे, किंवा ठेवायचं विसरायचे.

आणि संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात ते जलतरंगाचं नाव करडं झालं. दाबलं तर वाजेना. ‘सध्या उपलब्ध नाही,’ एवढंच. मी फोन बंद करून चालू केला, अ‍ॅप काढून पुन्हा घातलं, कंपनीला तीन पत्रं लिहिली. नवरा, परीक्षित, म्हणाला, “अगं, दुसरं लाव. चार कोटी गाणी आहेत त्यात.”

“चार कोटींत ते एक नाही.”

“मग बाळालाच विचार, काय चालेल.”

त्या दिवशी मी त्याला पोळी वाढली, पण तूप वाढलं नाही.

घाई अशी होती, की पुढच्याच्या पुढच्या सोमवारी माझी बाळंतपणाची वाढवून घेतलेली रजा संपत होती. हळदीचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी कामाला होते. सासूबाई आमच्याकडे होत्या खऱ्या, मामंजींना कडेगावच्या घरी ठेवून आल्या होत्या; पण त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया फेब्रुवारीत ठरलेली. म्हणजे जुईला पाळणाघरात ठेवणं भाग. आणि जलतरंगाशिवाय ती तिथं झोपणार कशी? रडून रडून श्वास कोंडला तर? परक्या बाईला ते कळेल का?

सासूबाईंनी त्यांच्या परीनं प्रयत्न केला. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाई, हार मानत नाहीत. ओट्यावर सात वाट्या मांडल्या, पाणी घातलं, दोन चमचे घेतले आणि ठणाठणा वाजवायला लागल्या. जुईनं एक क्षण बघितलं आणि असा सूर लावला, की समोरच्यांचं कुत्रं उठून उभं राहिलं.

“सा जरा वर गेला,” सासूबाई म्हणाल्या आणि त्या वाटीतलं पाणी पिऊन टाकलं.

“आई, राहू दे.”

“मग दे तिला माझ्याकडं. मी थोपटते.”

“नको, मीच बघते. तुमच्याकडं आणखी रडेल.”

दुसऱ्या दिवशी मी औषधाच्या दुकानात जाऊन येईपर्यंत जुई त्यांच्या मांडीवर झोपलेली होती. “रडून रडून दमली बिचारी,” त्या घाईनं म्हणाल्या. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

त्याच दुपारी भिंतीपलीकडून जलतरंग ऐकू आलं. तेच, हिप्परग्यांचं. पोतदारकाकांकडे मूळ कॅसेट होती! पुढं त्यांच्या उंबऱ्यावर काय झालं ते सांगितलंच.

संध्याकाळी कुंपणाच्या भिंतीवरून पोतदारकाकूंचं डोकं वर आलं. बारीक चणीची, गोल चेहऱ्याची बाई. त्या हसायला लागल्या की आधी खांदे हलायचे आणि आवाज मागून यायचा.

“हेमांगी, शुक्रवारी माझं हळदीकुंकू आहे,” त्या कुजबुजल्या. “त्या दिवशी पुरुषमाणूस घरात थांबत नाही. हे साडेतीनला कृष्णेच्या घाटावर जाऊन बसतात ते दिवेलागणीला येतात.”

मला समजायला वेळ लागला. सासूबाईंना लागला नाही. “आणि कपाटाची किल्ली?” त्यांनी विचारलं.

“तांदळाच्या डब्यात, तळाशी. त्यांना वाटतं मला ठाऊक नाही.” काकूंचे खांदे हलायला लागले. “वहिनी, भात रोज मी करते.”

“काकू, मला बावीस मिनिटं लागतील,” मी म्हणाले. “आणि पूर्ण शांतता.”

“हळदीकुंकवात शांतता?”

“तुम्ही बायकांना साडेचारला बोलावलंय ना? मी पावणेचारला सुरू करते.”

“इथल्या बायकांना साडेचार सांगितलं की त्या पावणेचारला येतात,” काकू म्हणाल्या. “वाणाच्या डब्याचा रंग आवडीचा मिळावा म्हणून.”

सासूबाईंनी चष्मा पुसला. “फाटक माझ्याकडं सोपवा. पन्नास-पन्नास पोरं आवरलीत मी.”

“आई, तुमचा गुडघा.”

“गुडघ्यानं बोलायचंय का मला?”

शुक्रवारी काका पांढरा सदरा घालून घाटाकडे गेले. कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही तिघी खिडकीच्या पडद्याआडून त्यांना बघत होतो. मी परीक्षितला अर्धी सुट्टी घ्यायला लावून जुईजवळ बसवलं होतं. मला त्या वयात चोरीचा अनुभव नव्हता. काठापदराची साडी, केसांत गजरा आणि हातात तांदळाच्या डब्यातली किल्ली, अशी मी कपाटासमोर उभी राहिले.

कपाट उघडलं आणि मी बघतच राहिले. चारशेच्या वर कॅसेटी असतील, आणि प्रत्येकीला कापडी पिशवी. ब्लाऊजपिसांची, नाडी ओवलेली. हे सगळं काकांनी काकूंच्या शिलाई मशीनवर स्वतः शिवलेलं. जलतरंगाला मोरपंखी खणाची पिशवी होती.

“माझा खण होता तो,” काकू म्हणाल्या. “भावानं दिलेला. शोधून शोधून दमले होते.”

फाटकाकडच्या खिडकीजवळ टेपरेकॉर्डर होता. मी त्याच्यासमोर घडी घातलेला टॉवेल ठेवला, त्यावर फोन. दार लावून घेणार तेवढ्यात सासूबाई आत डोकावल्या.

“खिडकी उघडी ठेव.”

“आई, बाहेरचा आवाज येईल.”

“काही येत नाही. आत गुदमरशील.”

“बावीस मिनिटांत कोण गुदमरतं?”

“उघडी ठेव म्हणते ना, हेमांगी.” हा आवाज चौथीच्या वर्गाचा होता. मी खिडकी उघडी ठेवली.

कॅसेट घातली, अ बाजू, आणि सुरुवातीपर्यंत मागे गुंडाळून घेतली. बटण दाबलं. पहिली वाटी वाजली, टिंग, आणि मी श्वाससुद्धा तोंड मिटून घ्यायला लागले. बाहेर फाटकाशी बांगड्या वाजल्या, चपला थांबल्या, मग सासूबाईंचा आवाज सुरू झाला. मी टेपच्या जाळीला कान लावून बसले होते, मला फक्त कुजबुज कळत होती. एकदा काकूंचं हसणं फुटलं तेव्हा मी दातओठ खाल्ले. मग कुजबुजही खाली गेली आणि बाहेर कुणी नसल्यासारखं झालं. नुसत्या वाट्या वाजत होत्या. मला दिसत होतं, जुई रडतेय, हात पसरतेय, आणि मी हळदीचं पाणी काचेच्या नळीत घालून हलवतेय. बाविसाव्या मिनिटाला बटण खाडकन वर आलं तेव्हा माझा पदर ओला होता. घाम असणार. जानेवारीतला.

मी दार उघडलं. बायका आत आल्या. आणि काहीतरी विचित्र घडायला लागलं.

तारळेकर वहिनी म्हणून होत्या, गल्लीतल्या सगळ्यात तुसड्या. त्यांनी सहा महिन्यांत माझ्याकडे बघून मानसुद्धा हलवली नव्हती. त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि हात सोडलाच नाही. “गोड बोला,” त्या म्हणाल्या, “आणि जेवत जा वेळेवर.” दुसरीनं गालावरून हात फिरवला. तिसरीनं स्वतःच्या वाणाचा निळा डबा माझ्या पिशवीत घातला. “राहू दे गं, मला लाल चालतो.”

“आई, काय सांगितलंत तुम्ही त्यांना?” घरी येताना मी विचारलं.

“काही नाही. तुझ्या हळदीच्या प्रयोगशाळेची माहिती दिली.” त्या फाटकाचा आधार घेत, एकेक पाय ओढत चालत होत्या. “बायकांना हळदीत फार रस असतो.”

शनिवारी, रविवारी मी फोनवर जलतरंग हळू आवाजात लावलं. पाठीमागं किंचित गुणगुण होती, लांबच्या लग्नासारखी. पण जुई झोपली. मी वहीत लिहिलं: यशस्वी.

सोमवारी मी तिला कदमबाईंच्या पाळणाघरात सोडलं. सोबत दोन झबली, पेजेचा डबा, सूचनांची चार पानं, आणि एक जुना फोन. त्या फोनमध्ये दुसरं काही नव्हतं, फक्त ती बावीस मिनिटं. कदमबाई धिप्पाड, हसतमुख. त्यांनी चारही पानं शांतपणे वाचली आणि ‘डाव्या कुशीवर झोपवल्यास उजवा हात मोकळा ठेवणे’ इथं बोट ठेवून विचारलं, “आणि उजव्या कुशीवर झोपली तर?”

“तिसऱ्या पानावर आहे.”

पहिल्या दिवशी मी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, झोपली, गाणं लावलं होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. दोन आठवडे सगळं सुरळीत. त्याच काळात सासूबाईंची शस्त्रक्रिया झाली, त्या पाय उशीवर ठेवून घरी पडून होत्या. आणि मग एका सकाळी जुईला माझ्या हातातून घेताना कदमबाई सहज म्हणाल्या, “ताई, आता आरसा नाही ना धरत नाकाशी?”

“कसला आरसा?”

“नाही नाही, असंच,” म्हणून त्या आत पळाल्या.

ही गोष्ट मला आणि आरशाला सोडून कुणाला माहीत नव्हती. दोन दिवसांनी त्यांची मदतनीस शेवंता मला बघून तोंडावर पदर घेऊन हसली. तिसऱ्या दिवशी तिथली स्वयंपाकाची बाई मला म्हणाली, “ताई, नवऱ्याला तूप वाढत जावा हो.” आता मात्र माझा संशय पक्का झाला. सासूबाई पडल्या पडल्या पाळणाघरात फोन करतात! माझ्या पाठीमागं माझ्या चुगल्या!

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत डोकं दुखतंय सांगून मी दुपारी सव्वाला पाळणाघरात गेले. मागच्या दारानं. पाळण्यांच्या खोलीत अंधार, पाच पोरं झोपलेली. जुई पालथी, दोन्ही हात अंगाखाली, चार पानांतल्या एकाही सूचनेत न बसणारी, आणि गाढ झोपलेली. खोलीत आवाज नव्हता. जलतरंग वाजत नव्हतं.

ते स्वयंपाकघरातून येत होतं.

मी दारात जाऊन उभी राहिले. कदमबाई, शेवंता आणि स्वयंपाकाची बाई अशा तिघी मेथी निवडत बसल्या होत्या. मधोमध माझा जुना फोन, एका खोक्यासारख्या स्पीकरला जोडलेला. वाट्या वाजत होत्या, टिंग टिंग, आणि त्यांच्या मागून स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात माझ्या सासूबाई बोलत होत्या.

“...पाळणाघरवालीला चार पानं लिहून ठेवलीत. चार! मी अख्खी चौथी चालवायला एक पान लिहीत नव्हते...”

तिघी खदाखदा हसल्या. मग शेवंतानं मला बघितलं. मेथीची जुडी तिच्या हातातून पडली.

“कदमबाई,” मी म्हणाले, “गाणं इथं आहे. मग ती झोपली कशी?”

कदमबाईंनी पदराला हात पुसले. “ताई, रागावू नका. ती जेवली की झोपते. पहिल्या दिवसापासनं.”

“गाण्याशिवाय?”

“गाणं लागलं की उलट जागी होते, टाळ्या वाजवते. म्हणून इकडं लावतो. आम्हाला तेवढीच दुपारी करमणूक.” त्यांनी फोन काढून माझ्या हातात दिला. “पण तुम्ही शेवटपर्यंत ऐका. आम्ही रोज ऐकतो. शेवटी शेवटी ही शेवंता रडती.”

मी बाहेर पायरीवर बसले. कानात इयरफोन घातले. सुरुवातीपासून लावलं.

तिसऱ्या मिनिटाला सासूबाई म्हणत होत्या, थांबा गं, आत घाई करू नका, एक गंमत सांगते. सहाव्या मिनिटाला आरसा आला. “माझा कुंकवाचा आरसा रोज हरवतो. सापडतो तेव्हा काचेवर वाफेचा डाग. मला आधी वाटलं सूनबाई लपून नटते.” आठव्याला परीक्षितचं तूप. अकराव्या मिनिटाला पोतदारकाका. “त्या कॅसेटींना अंगडी-टोपडी शिवतो हा माणूस. उद्या त्यांना पावडर लावेल.” आणि तिथं काकूंचं हसणं. आधी शांतता, म्हणजे खांदे हलत असणार, मग एकदम फुटलेलं, वाट्यांपेक्षा वरच्या सुरात.

सतराव्या मिनिटाला सासूबाईंनी आवाज खाली घेतला. खिडकी उघडी नसती तर तो आत आलाच नसता.

“खरं सांगू का बायांनो? ते गाणंबिणं निमित्त आहे. पोर माझ्या मांडीवर पाच मिनिटांत झोपते. मी तिला सांगितलं नाही. रडून रडून दमली म्हणाले. कारण मी माझ्या परीक्षितला ठेवून पहिल्या दिवशी शाळेत गेले ना, तेव्हा संध्याकाळी माझ्या सासूबाई म्हणाल्या, तू फाटकाबाहेर गेलीस आणि पोरगं हसायला लागलं. मला बरं वाटावं म्हणूनच म्हणाल्या असतील. पण पस्तीस वर्षं झाली, ते अजून टोचतंय. आपल्यावाचून आपल्या लेकराचं अडत नाही, हे आईला आपलं आपण कळू द्यावं. सावकाश. दुसऱ्यानं सांगू नये. म्हणून म्हणते, आणखी पाच मिनिटं थांबा. ती आत बसलीय. तिला बसू दे.”

त्यानंतर कुणीही बोललं नाही. पाच मिनिटं, वीस बायका, वाणाचे रंग सोडून, फाटकाशी गप्प उभ्या. नुसतं जलतरंग.

शेवंताच एकटी रडते असं नाही.

त्या संध्याकाळी मी ते अ‍ॅप काढून टाकलं. काढताना त्यानं मला विचारलं, नक्की ना, चार कोटी गाणी जातील. मी म्हटलं, जाऊ देत. तेवढ्यात दारावर टकटक झाली. पोतदारकाका, पांढरा सदरा, चेहरा न्यायाधीशाचा.

“तीन आठवडे मी वाट बघतोय, तुम्ही कबूल व्हाल म्हणून. मी ब बाजू अर्धी ऐकून ठेवली होती. परत आलो तर कॅसेट अ बाजू संपून उभी. चोरानं निदान मागची जागा तरी बघावी.”

“काका, मी पुसून टाकते. आत्ता, तुमच्यासमोर.”

“आधी ऐकव. नक्कल किती वाईट झाली ते कळू दे.”

मी नाइलाजानं इयरफोन दिले. ते खुर्चीवर ताठ बसले. सहाव्या मिनिटाला त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, आणि मी परीक्षितच्या आड झाले. अकराव्या मिनिटाला त्यांचे कान लाल झाले. मग ते हसणं आलं असावं, कारण काका एकदम हलायचे थांबले. त्यांनी मला बोटानं खूण केली, मागे घे. मी घेतलं. पुन्हा खूण केली. मी पुन्हा घेतलं. असं चार वेळा.

शेवटी त्यांनी इयरफोन काढले, नीट गुंडाळले.

“आवाज पातळ आलाय,” ते म्हणाले. “पण वाद्य कळतंय.”

“पुसू ना काका?”

“काही गरज नाही.” ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले. “चारशे बारा आहेत माझ्याकडं. त्यात ही... ही नाही. याची एक नक्कल मिळेल का?”

दहा मिनिटांनी ते टेपरेकॉर्डर आणि कोरी कॅसेट घेऊन आले. मी ती भरून देताना म्हटलं, “काका, ही उंबऱ्याबाहेर जाणार नाही ना?”

“तोंड सांभाळ,” ते म्हणाले, आणि त्यांचे खांदे हलले.

मी आतल्या खोलीत गेले. सासूबाई पाय उशीवर ठेवून पेपर वाचत होत्या. त्याच गुडघ्यावर त्या बावीस मिनिटं फाटकाशी उभ्या होत्या. जुई त्यांच्या पोटावर डोकं ठेवून झोपलेली, गाण्याशिवाय. माझ्या हातात गुंडाळलेले इयरफोन तसेच होते. त्यांनी ते बघितले.

“काय ऐकत होतीस?”

“जलतरंग.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

त्यांनी पेपराचं पान उलटलं. पेपर उलटा नव्हता, पण पान कालचं होतं.

“मग आता तो आरसा जागेवर ठेव,” त्या म्हणाल्या. “मला कुंकू लावायला सापडत नाही.”